नव्याच्या जेवणातले फुगे

ते फुगे मी केले, आणि मुद्दाम केले. हे आधीच सांगून टाकते, कारण आमच्या घरात ही गोष्ट इतक्या तोंडांनी सांगितली गेली आहे की आता तिच्यात मी एक भोळी, काही न कळणारी पोर होऊन बसले आहे. कुणी म्हणतं, यमीला वाटलं पाहुण्यांना काहीतरी वेगळं खायला घालावं. कुणी म्हणतं, त्या नर्सबाईनं शिकवून पाठवलं होतं. दोन्ही खोटं. मी सतरा वर्षांची होते, दहावी पास होते, आणि मुरबाडहून मला बघायला येणाऱ्या माणसांनी आमच्या पानावर बसून तोंड वाकडं करावं नि आल्या वाटेनं परत जावं, एवढ्यासाठी मी पहाटे उठून ते पीठ फेटलं. पुढं जे झालं ते मात्र माझ्या बेतासारखं झालं नाही.

आमचा पाडा खर्डीच्या पलीकडं, डोंगराच्या पोटाशी. रिक्षा सडकेपर्यंत यायची, तिथून पुढं पायवाट. कुडाची घरं, शेणानं सारवलेल्या भिंती, दारापुढं कोंबड्यांची झाकलेली डालगी. आमच्या घरातला दिवस आवाजांनी सुरू व्हायचा: आधी बाबांचा खोकला, मग उखळात मुसळ पडल्याचा दणका, मग आयनं चुलीत फुंकणीनं घातलेली फुंकर. सकाळी नागलीची भाकर नि मिरचीचा ठेचा, किंवा रात्रीच्या भाताची पेज. पेजेत मीठ टाकलं नि तोंडी लावायला सुकट भाजली की आमचा सण. बाबा फार कमी बोलायचे. दिवसभर शेतात किंवा रानात असायचे, घरी आले की ओटीवर बसून दोऱ्या वळत राहायचे, आणि कुणी काही विचारलं तर एवढंच म्हणायचे, “दादा येऊ दे.” दादा म्हणजे त्यांचे थोरले भाऊ, आमचे थोरले काका. ते भातसानगरला धरणावर नोकरीला होते. त्यांच्या मनगटावर घड्याळ होतं आणि खिशाला पेन. बी कधी पेरायचं, बैल विकायचा की ठेवायचा, कुणाचं लग्न कुठं करायचं, हे सगळं भातसानगरला ठरायचं आणि पाड्यात कळायचं.

दहावी झाल्यावर मी रोझीबाईंच्या मागं लागले. रोझीबाई आमच्या भागातल्या सरकारी नर्स. मूळच्या वसईच्या, ख्रिस्ती. पांढरी साडी, कपाळ मोकळं, गळ्यात बारीक सोन्याचा क्रूस, आणि चालणं असं की डोंगर चढताना मीच मागं पडायची. त्यांचं मराठी आमच्यापेक्षा निराळं होतं, पण शाळेतल्या गुरुजींच्या मराठीपेक्षा ते आमच्या जवळचं वाटायचं. त्या पाड्यापाड्यांवर लस टोचायला निघाल्या की लशीचा डबा मी धरायची. हळूहळू वहीत नावं लिहायला लागले, पोरांना झोळीच्या काट्यावर टांगून वजन बघायला लागले, सुया उकळायला शिकले. एकदा एका बाळंतिणीच्या झोपडीत त्यांनी मला आत बोलावलं नि म्हणाल्या, “भिंतीकडं तोंड करून उभी राहू नको. बघ. बघितल्याशिवाय शिकता यायचं नाही.” त्या दिवशी एका मुलीचा जन्म मी उघड्या डोळ्यांनी पाहिला. घरी येताना मला कळलं होतं की मला काय व्हायचं आहे. ते कुणाला सांगायचं असतं हे मात्र माहीत नव्हतं.

फुगे मी त्यांच्याच चुलीवर शिकले. नाताळाच्या आदल्या दिवशी त्यांनी परातीत मैदा घेतला, त्यात अंडी फोडली, मीठ, चिमूट साखर आणि नारळाचं दूध घातलं, आणि वरून ताजी ताडी ओतली. मी तर बघतच राहिले. आमच्याकडं ताडी माणसं प्यायची; पिठाला पाजलेली मी कधी पाहिली नव्हती. “ताडीनं पीठ उठतं,” त्या म्हणाल्या. “ताडी मिळाली नाही तर बेकरीतून खमीर आणायचं. पण ताडीची चव त्याला नाही.” मग ते पीठ हातानं फेटायचं. मळायचं नाही, फेटायचं. पंजा खाली घालून वर उचलायचा, पुन्हा खाली, पुन्हा वर, पार खांदा भरून येईपर्यंत. मग फडकं झाकून चुलीच्या उबेला ठेवायचं. दुपारी फडकं काढलं तर पीठ दुप्पट झालेलं, वर बारीक बारीक डोळे आलेले. डाव्या हाताच्या मुठीत पीठ घेऊन दाबलं की अंगठ्याजवळून गोल लाडू वर येतो. उजव्या हाताची बोटं पाण्यात बुडवून तो उचलायचा नि तेलात सोडायचा. तो तळाशी जातो, वर येतो, फुगतो, आणि एक बाजू झाली की आपली आपण उलटतो. झाऱ्या लावावा लागत नाही. माझे पहिले दहा-बारा वेडेवाकडे झाले, कुणाला शेपटी तर कुणाला कान. रोझीबाई तेच आधी खाऊन टाकत होत्या. कोंबडीच्या रश्शात बुडवून मी पहिला फुगा खाल्ला तेव्हा आतली ती जाळी रस्सा पिऊन अशी मऊ झाली होती की मी बोलायची थांबले.

पाड्यात बोलणं सुरू व्हायला वेळ लागला नाही. रोझीबाईकडं ताडीचं मडकं जातं. यमी तिच्याकडं जेवते. यमी आता बाटणार. विहिरीवर मी गेले की बाया घागरी जरा बाजूला सरकवायच्या. आय घरी येऊन चुलीपुढं बसायची नि माझ्याकडं न बघता म्हणायची, “नको जाऊस गो.” तिला रोझीबाईंचा राग नव्हता; माझ्या धाकट्या भावाचा ताप त्यांनीच उतरवला होता. तिला माणसांची भीती वाटायची. मला त्या वयात भीती आणि नकार यांतला फरक कळत नव्हता, म्हणून मी तिच्याशीच जास्त भांडायची. आज कळतो, पण आज भांडायला ती नाही.

भात कापणीला आलं तेव्हा रोझीबाईंनी एक कागद आणून दिला. नर्सच्या शिक्षणाचा अर्ज. ठाण्याला, राहायची सोय तिथंच. खाली वडलांची सही पाहिजे होती. मी तो बाबांपुढं धरला. बाबांनी तो हातात घेतला, उलटा करून पाठही बघितली, आणि म्हणाले, “दादा येऊ दे.”

दादा आले. ओटीवरच्या खाटेवर बसले, पाणी प्यायले, आणि कागदाला हातही न लावता त्यांनी सांगितलं की मुरबाडकडच्या एका घरी त्यांनी शब्द दिला आहे. घर चांगलं, जमीन स्वतःची, मुलगा एकुलता. नव्या भाताचं जेवण असेल त्या दिवशी ती माणसं येतील, मुलगी बघतील, नि सुपारी फोडून जातील. मग माझ्याकडं वळून म्हणाले, “आणि त्या बाईकडं आता पाय ठेवायचा नाय. तिच्याकडलं खाणं-पिणं या घरात नको. मुरबाडच्या माणसांच्या कानावर गेलं तर लगीन मोडंल.”

लगीन मोडंल. हे त्यांनीच मला सांगितलं. मी ते विसरले असते तर मूर्ख ठरले असते.

नव्याचं जेवण म्हणजे आमच्याकडं वर्षातला मोठा दिवस. झोडणी होऊन भात घरात आला की पहिला तांदूळ शिजवून देवापुढं नि पितरांच्या नावानं ठेवायचा, मग घरातल्यांनी खायचा. त्याआधी नव्या तांदळाचा दाणा तोंडात टाकायचा नाही. हे मी मोडलं नाही, कधीच मोडणार नव्हते. देवाचा भात आयनं स्नान करून वेगळ्या मडक्यात शिजवला, बाबांनी पानावर वाढून हात जोडले, आणि मीही जोडले. माझं भांडण देवाशी नव्हतं.

पीठ मी पहाटेच भिजवून ठेवलं होतं. मैदा शहापूरच्या बाजारातून आणून कणगीमागं लपवला होता. नारळ आमच्याकडं कुठला. म्हणून नव्या तांदळाचं पीठ थोडं मैद्यात घातलं नि पातळ करायला पेज वापरली. अंडी आमच्याच कोंबड्यांची. ताडी बाबांच्या ओढ्याकाठच्या झाडाची, आदल्या संध्याकाळी उतरवलेली, फेस असलेली. आणि तेल? पाहुण्यांसाठी पापड-भजी तळायला म्हणून काकांनीच भातसानगरहून डबा आणला होता. आय उठून आली तेव्हा मी परातीपुढं बसून फेटत होते.

“काय करतेस गो?”

“फुगे.”

“कुणाला?”

“पाहुण्यांना.”

आय खाली बसली. “यमे, तुझा काका जीव घेईल.”

“तेल काकांनीच आणलंय.”

“थट्टा नको करूस. ते ख्रिस्तावांचं खाणं. आज नव्याचा दिवस.”

“आय, तांदूळ आपला, अंडी आपली, ताडी बाबांच्या झाडाची. यातलं त्यांचं काय आहे ते दाखव, तेवढं मी काढून टाकते.”

आयनं परातीकडं बघितलं. मग उठली आणि कोंबडीचा मसाला वाटायला पाट्यावर जाऊन बसली. तिनं मला मदत केली नाही. पण परातीवर फडकं मी विसरले होते, ते तिनं जाता जाता टाकलं.

पाहुणे दुपारी आले. मुलगा, त्याचे वडील आणि आई. वडील भिडस्त, बोलताना टोपी नीट करणारे. मुलगा मान खाली घालून बसलेला. त्याचा चेहरा मला त्या दिवशी धड दिसलाच नाही. घर चालवणारी कोण हे मात्र लगेच कळत होतं. त्याची आई अंगानं थोराड, आवाज असा की ओटीवर बोलली तर गोठ्यातली गाय मान वर करायची. आल्या आल्या तिनं आमच्या कणग्या, चूल, माझे हात नि माझे पाय असं सगळं एका नजरेत बघून घेतलं. मला वाटलं, बरं झालं. ही बाई कशालाही नाकं मुरडेल.

तेल तापलं. मी पहिला फुगा सोडला. तो खाली गेला, वर आला, टम्म झाला आणि आपला आपण उलटला. त्या क्षणी माझी भीती गेली. मी भराभरा सोडत गेले. टोपलीत पळसाची पानं घालून त्यावर ढीग रचला. वास ओटीवर पोचला असणार, कारण काका आत आले. टोपली बघून त्यांचं तोंड रागानं लाल झालं.

“हे काय?” ते दबक्या आवाजात म्हणाले. “हे कुणी करायला सांगितलं?”

मी दबक्या आवाजात उत्तर दिलं नाही. ओटीवर ऐकू जाईल असं म्हणाले, “फुगे हायत. रोझीबाईनी शिकवले. ख्रिस्ती हायत त्या, नाताळाला करतात.”

बाहेरचं बोलणं थांबलं. काकांनी माझ्या हाताला धरलं, एवढ्यात ओटीवरून तो दणदणीत आवाज आला, “काय गो ते? आण इकडं.”

मी टोपली घेऊन गेले. पानं मांडली होती, देवाचा भात आधी वाढला होता, आयनं रस्सा वाढला. त्या बाईनं एक फुगा उचलला, दोन्ही बाजूंनी बघितला, फोडला. आतून वाफ आली. तिनं अर्धा रश्शात बुडवला नि तोंडात टाकला. सगळे तिच्याकडं बघत होते. ती चावत होती आणि माझ्याकडं बघत होती.

“ह्यात काय घातलंस?”

“मैदा, नवं तांदूळ, अंडं.” मग मी शेवटचा घाव घातला. “आणि ताडी.”

“ताडी?” तिनं नवऱ्याकडं बघितलं. नवऱ्यानं टोपी नीट केली. आणि ती बाई हसली, पोट हलेपर्यंत हसली. “आमच्या घरात ताडी पोटात जाते नि भांडण बाहेर येतं. पिठात घातलेली पयल्यांदा बघतेय. आण गो, अजून चार वाढ. ह्यानाबी वाढ. पोरालाबी वाढ.” मग तोंड पुसून काकांना म्हणाली, “दादा, पोर पसंत हाय.”

इतका वेळ मी जिंकत होते, आणि आता माझ्याच हाताच्या चवीनं मला धरून दिलं होतं. त्याहून वाईट पुढं झालं. काका खुलले. आत्ता माझा हात पिरगाळणारे काका ओटीवर मांडी घालून सांगायला लागले, “आमची यमी हुशार हाय. नर्सबाईच्या हाताखाली शिकलीय. बाईबी लय चांगली, वसईची.” काल जिचं पाणी चालत नव्हतं ती बाई एका दुपारीत लय चांगली झाली, कारण आता ती लग्नाच्या कामाला येत होती. तो अपमान मला सहन झाला नाही. रोझीबाईंचाही आणि माझाही.

“मला लगीन नाय करायचं,” मी म्हणाले.

टोपली हातात तशीच होती.

“मला ठाण्याला जायचंय. नर्स व्हायचंय. कागद आलाय, त्यावर सही पायजे. काका शब्द देऊन आले, मला इचारलं नाय.”

मुलानं पहिल्यांदा मान वर केली. त्याची आई म्हणाली, “का गो? आमचा पोरगा आवडला नाय?”

“मी बघितलाबी नाय धड.”

“मग हे एवढं कशाला करत बसलीस?”

खोटं बोलायला सुचलं असतं तर बोलले असते. “तुमी खाऊ नये म्हणून. तुमी नाकारून जावं म्हणून.”

तिनं हातातल्या फुग्याकडं बघितलं, मग माझ्याकडं. “माणसं हाकलायची असली तर एवढं चांगलं करायचं नसतं पोरी,” ती म्हणाली, आणि तो फुगा तिनं खाल्ला.

काका उठले. पानावरून उठले, नव्याच्या पानावरून, आणि त्यांनी हात उगारला. मी मागं सरले नाही. सरायचं नाही असं मी ठरवलं होतं म्हणून नव्हे; मागं भिंत होती. तेवढ्यात बाबांचा आवाज आला. आमच्या घरात तो इतका क्वचित यायचा की काकांचा हात वरच्या वरच राहिला.

“दादा, खाली बस. हात नको लावू तिला.”

“तू मना सांगतोस?”

“घर माझं हाय. पोर माझी हाय.” बाबा आणखी काही शोधत असावेत, पण त्यांना सापडलं नाही. ते माझ्याकडं वळले. “कागद आण.”

मी टोपली आयच्या हातात दिली आणि फळीवरून कागद आणला. पेन काकांच्या खिशाला होतं, ते मागायची कुणाची छाती झाली नाही. माझं शाळेतलं शोधून काढलं. बाबांनी हात धुतला, धोतराला पुसला, पाट उलटा करून त्यावर कागद ठेवला. त्यांना नावापुरती अक्षरं यायची. ल काढला. हा काढला. नू काढायला फार वेळ लागला, त्याचं शेपूट रेघेच्या खाली पार दुसऱ्या रकान्यात गेलं. नाव पुरं झालं तेव्हा मान वर केली तर काका ओटीवर नव्हते. पायवाटेनं त्यांची पाठ दिसत होती. हात खरकटाच होता.

मुरबाडची माणसं मात्र पूर्ण जेवून गेली. जाताना ती बाई आयला म्हणाली, “लगीन नाय तर नाय. उरलेले बांधून दे, वाटंत भूक लागते.” आयनं पानात बांधून दिले. त्या मुलानं पुढं सापगावची मुलगी केली असं ऐकलं. सुखात आहे म्हणतात. मला त्याच्याबद्दल वाईट वाटतं ते एवढंच, की त्या दुपारी त्यालाही कुणी विचारलं नव्हतं.

काका परत आले नाहीत. त्यांच्या मुलीच्या लग्नाला आम्हाला बोलावणं नव्हतं. दर वर्षी झोडणी झाली की बाबा नव्या तांदळाचं गाठोडं डोक्यावर घेऊन भातसानगरला जायचे आणि संध्याकाळी ते तसंच घेऊन परत यायचे. ओटीवर ठेवायचे आणि दोरी वळायला बसायचे. पाच वर्षं त्यांनी हे केलं, सहाव्या वर्षी काकूनं गाठोडं ठेवून घेतलं. बाबांचं ते परत आलेलं ओझं मला आजही बोचतं. नातेवाईकांत कुणी ना कुणी अजून म्हणतं, “यमे, त्या दिवशी जरा गोडीनं घेतलं असतंस तर?” मी सांगते, गोडीनं घेतलं असतं तर आज मुरबाडला कुणाच्या तरी घरी फुगे तळत असते, आणि सगळे म्हणाले असते, काय हाताला चव आहे. त्या दिवसाची मी माफी मागितलेली नाही. मागणारही नाही.

ठाण्याला जायचा दिवस आला तेव्हा बाबा शेतावर होते. मला वाटतं मुद्दाम गेले होते. पत्र्याची पेटी डोक्यावर घेऊन आय मला सडकेपर्यंत पोचवायला निघाली. मी म्हटलं, पेटी मी घेते, तर देईना. वाट विहिरीवरून जाते. बाया पाणी भरत होत्या. आम्ही जवळ आलो तशा गप्प झाल्या, आणि आम्ही पुढं गेल्यावर त्यांतली एक सगळ्यांना ऐकू जाईल अशी म्हणाली, “चालली का गो पोर बाटायला?”

मी वळणार होते. पण माझ्याआधी आय थांबली. जन्मात कुणाला उलट न बोललेली माझी आय. डोक्यावरची पेटी हातानं सावरत ती अख्खी वळली आणि म्हणाली,

“चालली. सुया टोचायला शिकायला चालली. परत आली की पयली तुलाच टोचील.”

आणि माझी वाट न बघता ती पुढं चालायला लागली, एवढ्या तरातरा की मला तिच्या मागं पळावं लागलं.